कोऱ्या वहीची बारा मिनिटे : एका विनासंहिता रेडिओ-स्वगताचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधील एका सामुदायिक रेडिओ केंद्रावरच्या साप्ताहिक ललित सदराचे आहे. केंद्राचे नाव आणि व्यक्तींची ओळख येथे दिलेली नाही; सदर सादर करणाऱ्या बाईंचा उल्लेख 'निवेदिका' असाच केला आहे. त्या काळात कार्यक्रमांचे समन्वयन माझ्याकडे होते. त्यामुळे पुढे आलेल्या बऱ्यावाईट निर्णयांपैकी काही माझे आहेत, आणि ते झाले तसे मांडणे मला आवश्यक वाटते.

सामुदायिक रेडिओची परवानगी सुरुवातीला फक्त शिक्षणसंस्थांना मिळत असे. २००६ च्या धोरणाने ती स्वयंसेवी संस्थांनाही खुली झाली. अशा केंद्रांचे प्रक्षेपण सर्वसाधारणपणे १०० वॅटच्या मर्यादेत असते, म्हणजे आवाज शहर आणि भोवतालची काही गावे एवढ्यापुरताच पोहोचतो. या मर्यादेमुळे एक गोष्ट घडते, जी या प्रकरणात फार महत्त्वाची ठरली : ऐकणारे आणि बोलणारे एकमेकांना ओळखतात. निवेदिका भाजी घ्यायला गेल्या, तर आवाजावरून त्यांना ओळखणारे कोणी ना कोणी भेटतेच.

निवेदिका एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतात. राहायला नाशिकरोडला आणि महाविद्यालय गंगापूर रस्त्याच्या बाजूला, त्यामुळे रोजच्या दोन्ही फेऱ्या द्वारका चौकातल्या कोंडीतून. त्यांचे सदर दर गुरुवारी सायंकाळी सव्वासात वाजता, १२ मिनिटांचे. तीन वर्षांपूर्वी २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिनाचे निमित्त साधून ते सुरू झाले होते. त्यांची पद्धत ठरलेली होती. रविवारी सकाळी दोन तास बसून सुमारे चौदाशे शब्द वहीत लिहायचे, श्वास कोठे घ्यायचा तेथे पेन्सिलीने उभी रेघ मारायची, आणि गुरुवारी तो मजकूर एका दमात वाचायचा. एकही वाक्य अर्धवट सुटत नसे. श्रोत्यांना ही सफाई आवडे आणि मलाही आवडे.

अडचण

जुलै महिना सुरू झाला आणि अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचे काम त्यांच्याकडे आले. विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मुदतीत न मिळाल्याने अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरणे, हा दिवसभराचा उद्योग झाला. घरासमोरचा रस्ता जलवाहिनीसाठी खणला गेला होता; पाणी पहाटे कधी पाचला तर कधी पावणेसहाला येई आणि पाऊण तासात जाई. त्यातच सासूबाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली, पण नंतरचे थेंब दिवसातून सहा वेळा, आणि दोन वेगवेगळ्या औषधांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर राखून घालायचे होते. यातली एकही गोष्ट संकट म्हणावी अशी नव्हती. मात्र रविवारचे सलग दोन तास त्यात वाहून गेले.

पहिले दोन गुरुवार आम्ही जुने भाग पुन्हा लावले. तिसऱ्या गुरुवारी निवेदिकांनी अर्धवट लिहिलेला मजकूर सात मिनिटांत वाचला आणि उरलेल्या वेळात गाणे लावावे लागले. चौथ्या गुरुवारी पुन्हा जुना भाग. पंचवटीतल्या एका नियमित श्रोत्यांचा त्या दिवशी फोन आला, "मॅडमची तब्येत बरी आहे ना?"

तोवर वेळ मिळत नाही एवढेच कारण मी धरून चाललो होतो, आणि ते अपुरे होते. निवेदिकांनी पुढे मला वही दाखवली तेव्हा कळले, की चौथ्या आठवड्यातल्या रविवारी त्यांना पूर्ण दोन तास मिळाले होते. पानावर एकच पहिले वाक्य अकरा वेळा लिहून अकरा वेळा खोडलेले होते. हाताशी असलेला सगळा अनुभव नळाचा, रस्त्याचा, ओटीपीचा आणि थेंबांचा होता, आणि त्यातला एकही त्यांना लिहिण्याजोगा वाटत नव्हता. "नळाच्या पाण्यावर बारा मिनिटं बोलायचं, हे काय ललित झालं?" असे त्यांनी मला विचारले होते. ज्या शहरात कुसुमाग्रज आणि कानेटकर राहून लिहिते झाले, त्या शहरात मराठीची प्राध्यापिका रेडिओवर बोलते म्हणजे भाषा कशी असावी, याचा एक अदृश्य परीक्षक त्यांच्या वहीसमोर येऊन बसला होता. तीन वर्षांच्या कौतुकाने तो अधिकच कडक केला होता, आणि त्या कौतुकात माझाही वाटा होता.

पाचव्या गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता त्यांचा फोन आला. लिहिलेले काहीच नव्हते. सदर बंद करावे, असे त्यांचे म्हणणे होते.

समोर असलेले पर्याय

प्रसारणाला पावणेचार तास होते. पुन्हा जुना भाग किंवा गाणी लावणे शक्य होते. पण तसे केले असते तर सदर न सांगता बंद पडल्यासारखे झाले असते. दुसऱ्या कोणाकडून मजकूर वाचून घ्यावा, असे आमच्या तांत्रिक सहायकाने सुचवले. ते मला पटले नाही, कारण त्या वेळेला लोक मजकुरापेक्षाही त्या आवाजाची वाट पाहत होते.

तिसरा पर्याय मुलाखतीचा होता, आणि त्यावर मी बराच वेळ घालवला. प्रश्न मी विचारावेत, उत्तरे त्यांनी द्यावीत. सुरक्षित मार्ग होता. पण लिहिता न येण्याबद्दल मुलाखत घेतली, की प्रश्नांतूनच 'अडचण आणि उपाय' असा साचा तयार होतो, आणि बोलणारा माणूस उपाय सापडल्यासारखे बोलू लागतो. त्यांना उपाय सापडलेला नव्हता.

फोनवर मात्र त्या वीस मिनिटे न थांबता बोलल्या होत्या. पहाटेच्या नळापासून द्वारकेच्या सिग्नलपर्यंत सगळे त्यात आले होते, आणि मध्येच त्या म्हणाल्या, "दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलंय सर, पण नारोशंकराच्या घंटेला लागलेलं नाही, म्हणून कुणाला पूर वाटत नाही." गोदापात्रातली ती मारुतीची मूर्ती आणि काठावरच्या नारोशंकर मंदिराची घंटा, गोदेचा पूर नाशिककर याच खुणांवर मोजतात. हे वाक्य त्यांनी वहीत कधीच लिहिले नसते. तेव्हा मी त्यांना म्हणालो, "जे आत्ता मला सांगितलंत, तेच स्टुडिओत येऊन सांगा. कागद आणू नका."

उरला प्रश्न थेट प्रसारणाचा. थेट बोलण्यात जिवंतपणा येतो हे खरे, पण सामुदायिक केंद्राला आकाशवाणीची कार्यक्रम-संहिता, म्हणजे काय प्रसारित करू नये याची नियमावली, पाळावी लागते. शिवाय उद्विग्न मनःस्थितीत तोंडून कोणा कंत्राटदाराचे किंवा शेजाऱ्याचे नाव निघाले, तर ते परत घेता येत नाही. म्हणून सहा वाजता एकाच दमात ध्वनिमुद्रण करायचे आणि मधल्या तासात एकदा ऐकून सव्वासातला लावायचे, असे ठरले.

ठरलेली चौकट

विनासंहिता, म्हणजे लिहिलेल्या कागदाविना, बोलणे हे विनाचौकट बोलणे नव्हे, ही गोष्ट कीर्तनकारांकडे पाहिले की समजते. कीर्तनकाराच्या हातात कागद नसतो, पण नारदीय कीर्तनात पूर्वरंग कोठे संपतो आणि आख्यान कोठे सुरू होते हे त्याला पक्के ठाऊक असते. त्या दोन काठांमध्ये तो हवा तसा वाहू शकतो. निवेदिकांशी बोलताना मी हाच दाखला दिला, आणि आम्ही तीन खुंट्या ठरवल्या : नळ, रस्ता आणि वही. क्रम तोच ठेवायचा, शेवट वहीवर करायचा, बाकी काही ठरवायचे नाही. तीन मिनिटे उरली की मी तीन बोटे दाखवीन आणि एक मिनिट उरले की मूठ मिटीन.

दोन बंधनेही ठरली. कोणत्याही व्यक्तीचे, कार्यालयाचे किंवा कंत्राटदाराचे नाव घ्यायचे नाही. घरातल्या माणसांबद्दल त्यांना विचारल्याशिवाय बोलायचे नाही. दुसरे बंधन निवेदिकांनी स्वतः घातले होते, हे येथे मुद्दाम नोंदवतो.

चौकटीतला शेवटचा निर्णय खुर्चीचा होता. एरवी निवेदक आत आणि मी काचेपलीकडे, अशी आमची व्यवस्था असते. त्या दिवशी मी आत जाऊन त्यांच्या समोर बसलो. पंखा बंद करून, खुर्ची करकरणार नाही याची खात्री करून, मायक्रोफोनपासून हातभर लांब. माणूस फोनवर मोकळा बोलतो कारण पलीकडे कोणी 'हं' म्हणणारे असते. मला 'हं' म्हणता येणार नव्हते, पण मान हलवता येणार होती. या प्रकरणात मी घेतलेल्या निर्णयांपैकी हा एक मी पुन्हा जसाच्या तसा घेईन.

ध्वनिमुद्रण

पहिली दोन मिनिटे वाईट गेली. निवेदिका क्षमा मागत राहिल्या, आणि तीही लेखी भाषेत : 'गेल्या काही आठवड्यांपासून काही अपरिहार्य कारणांमुळे'. सहायकाने काचेतून माझ्याकडे पाहिले, थांबवायचे का, असे विचारल्यासारखे. मी नकार दिला. थांबवले असते तर दुसऱ्या वेळी तीच क्षमायाचना अधिक घोटीव झाली असती.

तिसऱ्या मिनिटाला त्या नळापाशी पोहोचल्या आणि भाषा बदलली. "पावणेपाचला उठायचं आणि अंधारात नळाखाली कळशी लावून बसायचं. नळातून आधी हवा येते. फुसफुस करते, खोकते, आणि आपण तिच्याकडे आशेनं बघत राहतो. पाणी येईपर्यंत झोप गेलेली असते, पाणी आल्यावर झोप येते." येथून पुढे रस्ता आला, चिखलात रुतलेली चप्पल आली, शहर बसमध्ये उभ्याने तपासलेले निबंध आले. मला हसू आवरेना. माझे हसणे पाहून त्या अधिक खुलल्या.

सहाव्या मिनिटाला, बोलण्याच्या ओघात, हे वाक्य आले : "सासूबाईंच्या डोळ्यांत सहा वेळा थेंब घालायचे, म्हणजे माझ्या दिवसाचे सहा तुकडे, सातवा माझ्या वाट्याला येतच नाही." ठरलेले बंधन मोडले होते. त्यांच्या ते लक्षात आले की नाही, हे मला तेव्हा कळले नाही. मी मान हलवत राहिलो.

आठव्या मिनिटाला त्या वहीवर आल्या. "गेल्या रविवारी दोन तास होते. कुणी हाक मारली नाही. नळ बंद होता. वही समोर होती. आणि मी..." यापुढे ११ सेकंद काहीच नव्हते. आमचा स्टुडिओ म्हणजे शाळेच्या एका जुन्या खोलीला आतून गाद्या लावून केलेली जागा. बाहेरच्या पत्र्यावर पाऊस पडत होता, आणि एरवी आम्हाला नकोसा वाटणारा तो आवाज त्या अकरा सेकंदांत स्पष्ट ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "मी चार पानांना समास आखत बसले. लाल पेनानं. फार सरळ आले."

मी मूठ मिटली तेव्हा त्यांचे बोलणे जवळजवळ संपलेच होते.

संपादनाच्या टेबलावर

हातात पंचेचाळीस मिनिटे होती आणि निर्णय तीन घ्यायचे होते.

पहिला, सुरुवातीची क्षमायाचना. ती आम्ही अर्ध्यावर आणली. पूर्ण काढली असती तर तिसऱ्या मिनिटाला आवाजात झालेला बदल श्रोत्यांना जाणवला नसता. दुसरा, ती शांतता. आमच्या प्रक्षेपण संगणकात सलग आठ सेकंद आवाज आढळला नाही, तर आपोआप संगीत सुरू होण्याची सोय होती. पावसाचा आवाज त्या पातळीच्या वर राहील की खाली, याची खात्री देता येईना. सहायकाने शांतता दोन सेकंदांवर आणावी असे म्हटले. मी सात सेकंद ठेवायला सांगितले. दोन सेकंदांत माणूस श्वास घेतो, सात सेकंदांत ऐकणारा रेडिओकडे वळून पाहतो.

तिसरा निर्णय सासूबाईंबद्दलच्या वाक्याचा. वाक्याच्या आधी आणि नंतर स्वच्छ श्वास होता. काढले असते तर कोणाला कळलेही नसते. निवेदिकांनीच विषय काढला, "सर, ते ठेवायचं का?" सासूबाई घरी होत्या, फोन टेबलावर होता, आणि एक फोन करायला दोन मिनिटे पुरली असती. मी म्हणालो, की हे वाक्य आजाराबद्दल नाही, वेळेबद्दल आहे, आणि सगळ्या स्वगतात तेच सर्वांत नेमके आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. निवेदिकांनी माझे ऐकले आणि वाक्य राहिले.

प्रसारणानंतर

नेहमी सदरानंतर दोन-तीन निरोप येत. त्या रात्री केंद्राचा फोन साडेनऊपर्यंत वाजत राहिला. भाषेचे कौतुक कोणी केले नाही. लोक आपापल्या नळाची वेळ सांगत होते. मखमलाबादच्या बाजूच्या एका द्राक्षबागायतदार बाईंनी सांगितले, की मजुरीचा हिशेब आणि कविता त्या एकाच वहीत लिहीत असत, आणि एप्रिलच्या खरडछाटणीपासून त्या वहीत फक्त हिशेब आहे.

घरी मात्र सासूबाईंनी रेडिओ बंद करून ठेवला होता. त्यांनी सुनेला एवढेच विचारले, "मी तुझ्या दिवसाचे तुकडे केले, हे मला घरात सांगायचं होतंस. रेडिओवरून कशाला?" पुढचे दोन दिवस त्यांनी थेंब स्वतःच्या हाताने घालण्याचा प्रयत्न केला. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याच्या बाबतीत ही गोष्ट साधी नव्हती, आणि निवेदिकांनी मला हे सांगितले तेव्हा मला पहिल्यांदा त्या वाक्याची खरी किंमत कळली. मी घरी जाऊन त्यांची माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. चहा दिला, आणि म्हणाल्या, "शेजारच्या बाई चौकशीला आल्या होत्या, की सून तुमचं करते ना? त्यांना मी काय सांगायचं?"

शंभर वॅटच्या केंद्राचा परिणाम असा असतो. दूरच्या श्रोत्याला ते वाक्य हृद्य वाटले, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला ती बातमी वाटली.

पुढचे आठवडे

स्वगताने लेखनाची अडचण सुटली, असे म्हणता येत नाही. पुढच्या बुधवारी निवेदिका पुन्हा कागदाविना बोलल्या आणि ते ध्वनिमुद्रण फसले. दरम्यान त्यांनी पहिले स्वगत पाच वेळा ऐकले होते. खुंट्या तशाच होत्या, विनोद तशाच जागी होते, आणि शेवटाकडे एक शांतताही होती. सहायक म्हणाला, "मॅडम, मागच्या वेळी तुमचं बोलणं थांबलं होतं. आज तुम्ही थांबवलंत." आम्ही ते लावले नाही. त्या गुरुवारी श्रोत्यांचे निरोप, ज्यांनी संमती दिली त्यांचेच, त्यांच्या आवाजात ऐकवले.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पहिल्या स्वगताचे शब्दांकन केले. लेखी उतरलेले आपलेच बोलणे वाचताना त्यांना दिसले, की 'नळातून आधी हवा येते' हे वाक्य त्यांनी वहीत खोडलेल्या अकरा वाक्यांपेक्षा सरस आहे. तेव्हापासून त्यांची पद्धत बदलली. आधी मोबाइलवर बोलायचे, मग ते उतरवायचे, आणि त्यावर लेखन करायचे. सदर पुन्हा लेखी झाले, पण वाक्ये आखूड झाली. काही जुन्या श्रोत्यांना पूर्वीची सफाई अधिक आवडत होती, आणि त्यांनी तसे कळवलेही.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या दोन आठवड्यांतच मी वही पाहायला हवी होती. जुना भाग लावणे सोयीचे होते, म्हणून मी चौकशी टाळली आणि 'वेळ मिळत नाही' हे उत्तर मान्य केले. वेळेची अडचण असती तर दोन आठवड्यांची सुटी पुरली असती. अडचण विषय क्षुद्र वाटण्याची होती, आणि तिच्यावर सुटीचा उपयोग नव्हता.

घरातल्या माणसांबद्दलचे बंधन ध्वनिमुद्रणापूर्वी ठरले, पण ते मोडले तर संपादनात अंतिम निर्णय कोणाचा, हे ठरले नव्हते. आत्मकथन करणारा माणूस स्वतःपुरती संमती देऊ शकतो. त्याच्या वाक्यात जे दुसरे कोणी येते त्याची संमती त्याच्या हाती नसते, आणि समन्वयकाच्या तर मुळीच नसते. वाक्य किती नेमके आहे हा निकष मी तेथे लावायला नको होता. त्या पंचेचाळीस मिनिटांतली दोन मिनिटे फोनला दिली असती, तर सासूबाईंनी कदाचित होकारही दिला असता.

दुसऱ्या ध्वनिमुद्रणाला मी होकार दिला, हीही घाईच होती. श्रोत्यांच्या प्रतिसादाने आम्ही सगळेच हुरळलो होतो. अशा बोलण्याला आठवडाभराची नेमकी वेळ लावता येत नाही, हे निवेदिकांनी ओळखले होते. त्या एकदा तसे म्हणाल्याही होत्या, आणि मी ऐकले नव्हते.

आजची स्थिती

सासूबाईंनी एकच गोष्ट मागितली, की ते स्वगत पुन्हा लागू नये. प्रसारित कार्यक्रमाची मूळ प्रत तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन असल्यामुळे ती लगेच पुसता येत नव्हती. मुदत संपल्यावर आम्ही ती त्यांच्या समक्ष पुसली आणि संग्रहात ते वाक्य वगळलेली प्रत ठेवली, तीही त्यांना ऐकवून आणि त्यांची परवानगी घेऊन. तीत सहाव्या मिनिटाला जोड आहे. बोलणे सलग वाटते, पण मागचा पावसाचा आवाज त्या ठिकाणी किंचित तुटतो.